वहिनींचं पाणी, भावजींचं धरण

आमच्या घरात १९६७ च्या भूकंपाबद्दल दोन पक्ष होते. एक आजीचा, दुसरा तात्यांचा. तात्या म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. कोयना धरणाच्या बांधकामावर ते मुकादम होते आणि म्हातारपणीही कोयनेचा विषय निघाला की ‘आमचं धरण’ असंच म्हणायचे. आजीचं माहेर कोयनेच्या वरच्या अंगाला होतं, म्हणजे आता धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली. कोण कुठल्या बाजूला होतं हे वेगळं सांगायला नको.

“भावजी, तुमच्या पाण्यानंच भुई फाडली,” आजी म्हणायची.

“वहिनी, पाणी कवा भुई फाडतंय व्हय? आन् एवढं हादरलं तरी धरण उभं ऱ्हायलं का न्हाय, ते बोला की!”

तात्यांचं हे उत्तर म्हणजे उत्तर टाळणंच होतं, हे आम्हा पोरांनाही कळायचं. पण आजी तेवढ्यावर सुपारी कातरायला घ्यायची आणि वाद पुढच्या मुक्कामापर्यंत तहकूब व्हायचा. हेळवाकपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं आमचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं गेलं की भूकंपाची गोष्ट एकदा तरी व्हायचीच आणि दर वेळी ती दोघांच्या तोंडून दोन तऱ्हांनी ऐकायला मिळायची. पुढं भूकंपशास्त्राची पुस्तकं हाताशी आली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हाच वाद उघडला. यातला कोण खरा?

आधी त्या रात्रीची हकिगत. ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट, घड्याळात ४ वाजून २१ मिनिटं. मार्गशीर्षातली थंडी. आजी म्हणे नुकतीच जागी झाली होती, चुलीतली राख उकरायला हात घालणार एवढ्यात आवाज आला. “आदी गडगाडलं. ढगावानी न्हाय, खालनं. मंग घरानं कुसच बदलली.” हे ‘आधी’ आणि ‘मग’ आजीनं कधीही उलटंपालटं केलं नाही. गडगडाट पहिला, हादरा नंतर, मध्ये डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. तिच्या म्हणण्याप्रमाणं ते हलणं घटकाभर चाललं. प्रत्यक्षात जोराचं हलणं दहाएक सेकंदांचं होतं, पण त्या सेकंदांची लांबी घड्याळानं मोजू नये असं मला वाटतं.

तिच्या त्या ‘आधी’ आणि ‘मग’मध्ये भूकंपशास्त्राचा पहिला धडा आहे. खडक तुटला की त्या जागेपासून दोन जातींच्या लाटा खडकातूनच निघतात. पहिली खडकाला दाबत आणि सैल सोडत पुढं जाते. आवाज हवेतून जातो तो याच रीतीनं, म्हणून या लाटेचा काही भाग जमिनीबाहेर हवेत उतरला की कानाला गडगडाट ऐकू येतो. ती सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. दुसरी लाट खडकाला आडवी हलवत येते. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. घरं पाडण्याचं काम मुख्यतः हिचं आणि हिच्या मागून पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटांचं. या सगळ्या लाटा यंत्राच्या नोंदीत वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या त्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी, १८९७ च्या आसाम-शिलाँगकडच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास करून. ते भारतीय भूगर्भशास्त्र सर्वेक्षणात नोकरीला होते.

दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत मोजलं आणि आठानं गुणलं की भूकंपाची जागा किती किलोमीटरवर आहे त्याचा ढोबळ अंदाज येतो. आमच्या गावात हे अंतर एखाद-दीड सेकंदाचं असणार, कारण भूकंप जवळजवळ पायाखालीच झाला होता. कराडला ते सहाएक सेकंद भरलं असेल, मुंबईला पंचवीसच्या आसपास. अशा तीन ठिकाणांहून तीन अंतरं मिळाली की नकाशावर तीन वर्तुळं काढायची. ती जिथं एकमेकांना छेदतात तिथं भूकंपाचं केंद्र. आजीजवळ एकच ठिकाण होतं आणि घड्याळ नव्हतं. पण क्रम तिनं बरोबर नोंदवला होता.

मुंबईची नोंद आमच्या घरात थोरल्या काकांकडं होती. पाटण तालुक्यातली तरणी माणसं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत असायची, काकाही साचेखात्यात. त्या दिवशी त्यांची रात्रपाळी होती. ते सांगायचे की साच्यांच्या खडखडाटात हादरा फारसा कळलाच नाही, कळलं ते अंधारात. दिवे गेले, साचे थांबले आणि एवढ्या मोठ्या खात्यात अचानक माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. कोयनेचं वीजघर बंद पडलं होतं आणि मुंबईचे कारखाने त्याच विजेवर चालत. सकाळी रेडिओवर कोयनानगरचं नाव आलं तेव्हा चाळीतल्या आमच्याकडच्या माणसांनी पगाराची वाट न पाहता एसटी गाठली. काकांच्या गोष्टीत भूकंप असा वायरीतून आलेला आहे. गावची जमीन हलली म्हणून गिरणी थांबली, ही साखळी त्यांना त्या रात्री पहिल्यांदा दिसली, असं ते म्हणायचे.

त्या पहाटे सुमारे १८० माणसं गेली आणि दोन हजारांवर जखमी झाली. कोयनानगरच्या वसाहतीतली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. तीव्रता ६.३. दोणीचावाडा आणि कडोलीच्या बाजूला जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या होत्या. तात्यांनी त्या पाहिल्या होत्या. त्यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: भेगा सरळ एका ओळीत नव्हत्या, तिरप्या तुकड्या-तुकड्यांनी एकापुढं एक होत्या, “जणू कुणी तिरकी कुदळ मारत गेलंय.” अशी तिरपी रांग जमिनीत तेव्हाच पडते जेव्हा खालचे दोन खडक एकमेकांना घासून विरुद्ध दिशांना आडवे सरकतात. कोयनेला नेमकं तेच घडलं होतं. साधारण उत्तर-दक्षिण जाणारी, जवळजवळ उभी अशी एक जुनी चीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे खडक आडवे सरकलेले. शास्त्राच्या पुस्तकांत अशा चिरेला प्रस्तरभंग किंवा विभंग म्हणतात.

खडक सरकतो का, हा प्रश्न मात्र आजीच्या चुलीपुढं सुटणारा नव्हता. आम्हाला झोपवताना ती शेषनागाची गोष्ट सांगायची, त्यानं पृथ्वी एका फडीवरून दुसरीवर घेतली की धरणीकंप. पण १९६७ चा विषय निघाला की शेषाचं नाव ती काढायची नाही. ती गोष्ट पोरांसाठी होती, आरोप पाण्यावरच. वराहमिहिरानंही ‘बृहत्संहिते’त भूकंपाच्या अध्यायाची सुरुवात अशीच मतमतांतरांनी केली आहे: कुणी म्हणतं पाण्यात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळं, कुणी म्हणतं पृथ्वी पेलणारे दिग्गज दमून सुस्कारा टाकतात म्हणून, कुणी म्हणतं वारे एकमेकांवर आपटतात म्हणून. सहाव्या शतकातल्या माणसानं सगळी मतं शेजारी-शेजारी मांडून ठेवली, याचं मला कौतुक वाटतं.

नीट पटणारं उत्तर मिळालं १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर. तिथं चिरेच्या दोन्ही बाजूंची जमीन आधीच मोजलेली होती, भूकंपानंतर पुन्हा मोजली. हॅरी फील्डिंग रीड यांनी त्या मोजणीवरून दाखवलं की जमीन भूकंपाच्या क्षणी एकदम सरकत असली तरी तिची तयारी कित्येक वर्षं चाललेली असते. चिरेच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिशांना ढकलल्या जात असतात, पण चीर घर्षणानं घट्ट धरलेली असते. मग चिरेपासून लांबचा खडक सरकतो, चिरेपाशीचा अडकून राहतो आणि मधला खडक वाकतो. खडक वाकतो हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण कित्येक किलोमीटरच्या मापात पाहिलं तर तो बांबूच्या कांबीसारखाच वाकतो आणि मनात वाकण्याचा राग धरून ठेवतो. घर्षणाची ताकद संपली की चीर सुटते, दोन्ही बाजू सरळ होतात आणि साठवलेला ताण लाटांच्या रूपानं बाहेर पडतो. मुख्य धक्क्यानंतर जे लहान धक्के येत राहतात, ते आजूबाजूच्या खडकांचं नव्यानं जागा घेणं असतं.

ढकलतं कोण? पृथ्वीचं बाहेरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे भूपट्ट आहेत आणि खालच्या तापलेल्या, अतिशय संथ वाहणाऱ्या खडकावर ते वर्षाला काही सेंटिमीटर या चालीनं सरकतात. आपला भारतीय भूपट्ट दक्षिण गोलार्धातून निघून सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. हिमालय त्या टकरीतून उभा राहिला, पण टक्कर संपलेली नाही. आजही वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास तो उत्तरेला रेटतो आहे. जगातले बहुतेक भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात ते त्यामुळंच. चिली, जपान, इंडोनेशिया आणि आपला हिमालय, सगळे कडेवरचे.

कोयना मात्र कडेवर नाही. ती कडेपासून कित्येकशे किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर आहे. त्या वेळच्या समजुतीप्रमाणं हे पठार अचल. १९६२ च्या भूकंपप्रवण भागांच्या नकाशात द्वीपकल्पाचे मोठाले भाग जवळपास निर्धास्त रंगात होते. कोयनेनंतर, १९७० साली, त्या नकाशातला ‘शून्य’ धोक्याचा पट्टाच काढून टाकण्यात आला. भारतातली कुठलीच जमीन पूर्ण निर्धोक नाही, हे सरकारी कागदावर यायला आमच्या खोऱ्यातली ती पहाट लागली.

आता आजीचा आरोप. तिच्या बाजूनं पुरावा बराच होता आणि तो तिच्या कानांचाच होता. “पाणी अडवल्यापास्नं भुई घुमाया लागली,” असं ती म्हणायची, “त्याच्या आदी माझ्या बापानं कवा ऐकली न्हाय.” शिवसागरात पाणी साठायला १९६१-६२ मध्ये सुरुवात झाली आणि त्यानंतर खोऱ्यात लहान धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज लोकांना जाणवू लागले. तक्रारी इतक्या वाढल्या की खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानं तिथं भूकंपमापक बसवले. सप्टेंबर १९६७ मध्ये, पाऊस ओसरताना आणि जलाशय तुडुंब असताना, पाचाच्या वरचा एक धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांत ती पहाट आली.

तात्या म्हणायचे, योगायोग. तज्ज्ञांमध्येही तेव्हा हाच वाद होता. हे खोरं आधीपासूनच भूकंपाचं आहे, नोंदी नव्हत्या एवढंच, असं म्हणणारे भूगर्भशास्त्रज्ञ थोडे नव्हते. पण त्याच दशकात जगात आणखी काही ठिकाणी असंच घडलं होतं: आफ्रिकेत झांबेझी नदीवरच्या करिबा धरणापाशी, चीनमध्ये शिनफंगच्यांगला, ग्रीसमध्ये क्रेमास्ताला. तिन्ही ठिकाणी जलाशय भरल्यावर सहाच्या आसपासचे भूकंप झाले. अमेरिकेत डेन्व्हरजवळ तर धरणही नव्हतं. तिथं रसायनांच्या कारखान्याचं सांडपाणी खोल विहिरीत दाबून सोडलं जाई आणि ते सुरू झाल्यावर त्या भागात भूकंप सुरू झाले.

डेन्व्हरच्या या प्रकरणातून कारण उलगडायला मोठी मदत झाली. पाण्याचं वजन म्हणावं तर कोयनेचं पाणी अब्जावधी टन आहे, खालच्या खडकावर त्याचा भार पडतोच. पण दहा-बारा किलोमीटर खोलीवरच्या खडकाला वरच्या खडकाचाच इतका भार असतो की त्यापुढं तळ्याचं वजन फार नाही. खरं काम करतं ते भेगांतून झिरपणारं पाणी. चिरेच्या दोन बाजूंना वरचा भार एकमेकींवर घट्ट दाबून धरतो आणि त्या दाबामुळंच त्या सरकत नाहीत. चिरेत शिरलेलं पाणी स्वतःच्या दाबानं या दोन बाजूंना बाहेरच्या अंगाला रेटतं. दाबून धरणारं बळ तेवढं कमी होतं. ताण आधीच शिगेला पोचलेला असला तर एवढीशी सूटही चीर सुटायला पुरते.

म्हणजे ताण कोयनेच्या पाण्यानं निर्माण केलेला नाही. तो आशियाला रेटणाऱ्या भूपट्टाचा, लाखो वर्षं साचलेला. पाण्यानं फक्त तो सुटण्याची वेळ आणली. चीर नसती किंवा तिच्यावर ताण नसता तर शिवसागर कितीही भरला असता तरी काही झालं नसतं. देशातल्या बहुसंख्य मोठ्या धरणांच्या पायथ्याशी काही होत नाही, ते यामुळंच. या विषयावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी जे काम केलं, ते १९७६ साली ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ या पुस्तकात आलं. जलाशय किती भराभर भरतो, किती उंचीपर्यंत भरतो आणि भरलेला किती दिवस राहतो, यावर भूकंपांचं येणं अवलंबून असतं, हे गुप्तांनी कोयनेवरून दाखवलं. एक पावसाळ्यानंतर, एक हिवाळ्यात पाणी उतरताना, असे धक्क्यांचे दोन हंगाम आमच्या खोऱ्यात पडतात. शेतकऱ्याला खरीप-रब्बी सांगावं लागत नाही, तसं आमच्या गावाला हे सांगावं लागत नव्हतं.

आजीला मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. पाण्याचा वाटा आहे, पण सगळा दोष पाण्याचा नाही, असं. ती एवढंच म्हणाली, “म्हंजी घर आमचं मोडकळीला आलं व्हतं म्हणून ढकलणाऱ्याचा गुन्हा न्हाय?” या प्रश्नाला भूकंपशास्त्रात उत्तर नाही. ते उत्तर दुसऱ्या कुठल्या तरी शास्त्राकडं असलं तर असेल.

तात्यांच्या धरणाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण ते गप्प बसले तरी धरणानं साक्ष दिलेली आहे. धरणाच्या आत एक कंपनमापक बसवलेला होता. त्यानं त्या पहाटे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतका आडवा झटका नोंदवला. धरणाचं गणित मांडताना धरलेल्या आकड्याच्या हा कितीतरी पट होता. पाणी न सांडणाऱ्या उंच खंडांना, जिथं मागच्या बाजूचा उतार बदलतो तिथं, आडवे तडे गेले. पण धरण फुटलं नाही. नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार देऊन ते जाडजूड करण्यात आलं. जगभरच्या धरणांच्या अभियंत्यांना कोयनेचा हा आलेख आजही पाठ असतो. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आजीकडं पाहिलं. आजीनं पाहिलं नाही.

घरांच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. कोयनानगरच्या वसाहतीतली दगडी भिंतींची घरं बसली आणि आमचं लाकडी खांबांवरचं, कुडाच्या भिंतींचं घर नुसतं तिरकं झालं. कौलं मात्र सगळी खाली. कूड वाकतो, दगड वाकत नाही, एवढं साधं ते आहे.

तात्या १९९४ च्या उन्हाळ्यात किल्लारीला जाऊन आले. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपलेली. भूकंपाची तीव्रता कोयनेइतकीच, सव्वासहाच्या आगेमागे. कोयनेला गेली सुमारे १८०, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत अधिकृत आकडाच जवळपास ८००० होता. तीव्रतेचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते, पण इथं अंक वाढलेलाच नव्हता. तिथला प्रदेश दाट वस्तीचा, भूकंप अगदी उथळ, आणि घरं माळवदाची: वर मातीचं जाड छप्पर, खाली दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. तात्यांनी पडलेल्या भिंती मुकादमाच्या नजरेनं पाहिल्या. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चुरा आणि माती, आणि आरपार जाणारा एकही दगड नाही. हलल्याबरोबर दोन्ही थर विलग झाले आणि माळवद खाली आलं. “दोन हाताला एक आरपार दगड,” तात्या पाटावर बोटानं भिंत काढून सांगत होते, “आन् वर लाकडी पट्टा. एवढंच कमी पडलं.” पुढं सरकारी पुनर्बांधणीत जुन्या घरांना मजबुती देताना आरपार दगड बसवायला शिकवलं गेलं, ते हेच.

कोयनेचं विशेष असं की ते थांबलंच नाही. बहुतेक जलाशयांपाशी असे धक्के काही वर्षांनी विरतात. इथं १९६२ पासून आजवर पाच आणि त्याहून मोठे वीसहून अधिक, चारांचे दोनशेच्या घरात, आणि लहानांची तर गणती हजारांत. हे सगळं अवघ्या तीस बाय वीस किलोमीटरच्या तुकड्यात. वारणेचं धरण भरू लागल्यावर त्यांतले काही दक्षिणेकडं सरकले. भूकंप होण्याच्या जागी यंत्रं उतरवून पाहता येईल, अशी जमिनीवर सहज पोचता येणारी जागा जगात दुर्मीळ. म्हणून गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडण्यात आलं आणि कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली. सव्वा किलोमीटरच्या आसपास दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, आणि त्याखाली एकदम कित्येक पटींनी जुना ग्रॅनाइट. पण तारीख-वार सांगून भूकंपाचं भाकीत करणं कुणालाही जमलेलं नाही. मोबाइलवर फिरणारे तसले संदेश सरळ पुसून टाकावेत.

तात्या तोवर राहिले नाहीत, आजी तर त्यांच्याही आधी गेली. आता तीन-साडेतीनचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ठरलेली ओळ येते, धरणाला कोणताही धोका नाही. गावातला चुलतभाऊ ती ओळ मला फोनवर वाचून दाखवतो आणि मग सांगतो की त्याच्या नव्या घराची पडवी, जी त्यानं दगडात बांधून घेतली आणि वर स्लॅब टाकला, तिच्या कोपऱ्याला पुन्हा केसाएवढी चीर गेली आहे. आरपार दगड टाकलेत का, असं मी विचारलं तेव्हा गवंड्यानं ‘लागत नाहीत’ म्हणून सांगितल्याचं कळलं. त्याच्या पुढच्या भिंतीचं काम दिवाळीनंतर निघणार आहे.